दहा नंबरला कोण उत्तर देतं?

काकासाहेबांनी माईक हातात घेतला तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. वजनकाट्याच्या केबिनपासून सुरू झालेली उसाच्या गाड्यांची रांग यार्डाचं फाटक ओलांडून डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. ट्रॅक्टरवाले इंजिनं बंद करून टायरांच्या सावलीला टेकले होते, बैलगाडीवाल्यांनी बैल सोडले होते, आणि दोन तासांत एकही गाडी काट्यावरून खाली उतरली नव्हती.

हा माईक खरं तर गाड्यांचे नंबर पुकारायला असतो. काकासाहेबांनी आधी त्यावर घसा खाकरला आणि मग नोटिशीत शोभेल अशा भाषेत सांगितलं, "सर्व वाहनधारकांना कळवण्यात येतं की काट्याचा कॉम्प्युटर बंद आहे. तो अश्विनी आसाराम फुंदे, राहणार पाथर्डी तालुका, या मुलीनं बिघडवलेला आहे. ज्याला काही विचारायचंय त्यानं तिलाच विचारावं."

अश्विनी त्याच केबिनमध्ये, त्यांच्यापासून दोन हातांवर बसली होती. बाहेरच्या कर्ण्यातून स्वतःचं नाव ऐकताना तिचे कान तापले. नुसतं नाव घेऊन भागलं असतं, पण बापाचं नाव घेतल्याशिवाय काकासाहेबांचं पोट भरलं नसतं. टोकनची वही त्यांनी सकाळीच चाळली होती. आसाराम फुंदे याच रांगेत होता. सत्ताविसावी गाडी त्याची होती.

काकासाहेब मनानं वाईट नव्हते, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. सांगणाऱ्यांचं काय जातं? एकतीस वर्षं काट्यावर बसलेला हा माणूस, प्रवरेच्या काठचा बागायतदार, आणि काट्याची केबिन म्हणजे आपल्या वस्तीवरची ओसरी असल्यासारखा वागायचा. या हंगामात तिथं कारखान्यानं परीक्षा घेऊन एक पोरगी बसवली, आणि तीही ऊसतोड्याची. ज्या खिडकीपुढं बापानं आयुष्यभर मान खाली घालून वजनाची पावती घेतली, त्या खिडकीच्या आत लेक खुर्चीवर बसलेली! काकासाहेबांना ते पहिल्या दिवसापासून खुपलं, आणि खुपतंय हे लपवायची त्यांना कधी गरजही वाटली नाही. तिला ते नावानं हाक मारत नसत. "ए कोयता," म्हणत.

आणि आज त्यांच्या हातात कारण आलं होतं. काटा स्वतः ठणठणीत होता. गाडी चढली की लाल आकडे बरोबर पेटत. पण ते आकडे काट्यावरच्या कॉम्प्युटरमधून मुख्य ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरला गेल्याशिवाय आणि तिकडून होकार आल्याशिवाय पावती छापली जात नव्हती. हातानं पावती लिहायची नाही, असा यंदा वरून हुकूम होता. परवा हंगाम सुरू झाला तेव्हापासून हा होकार अडखळत यायचा. काल अर्धा-अर्धा तास खोळंबा झाला. आज नऊपासून सगळंच ठप्प झालं.

काल खोळंबा झाला तेव्हा अश्विनीनं कॉम्प्युटरवर काळा पडदा उघडून त्यात काही ओळी टाइप केल्या होत्या. तेवढं काकासाहेबांनी बघितलं. आज सकाळी त्यांनी अधीक्षकांच्या टेबलावर तक्रार ठेवली. सदर मुलीनं काळ्या पडद्यावर काही गुप्त अक्षरं टाकली आणि तेव्हापासून यंत्र बंद पडलं, असं तक्रारीत रेखीव अक्षरात लिहिलं होतं. यार्डात तोपर्यंत त्याची करणी झाली होती. पाथर्डीकडच्या पोरीनं मशीनवर काहीतरी केलंय, एवढंच तोंडातोंडी फिरत होतं.

अधीक्षक गहिनीनाथ साहेब सरळ माणूस, पण भित्रा. बाराला केबिनमध्ये येऊन त्यांनी तक्रार अश्विनीपुढं धरली आणि दोन वाजेपर्यंतची मुदत दिली. दोनपर्यंत काटा चालू झाला नाही तर तिनं ओळखपत्र जमा करायचं आणि फाटकाबाहेर पडायचं. तिचं कंत्राट सहा महिन्यांचंच होतं, मोडायला एक सही पुरे होती.

फाटकाबाहेर काय होतं ते अश्विनीला पाठ होतं. टोळीच्या मुकादमानं तिच्या आईला, लंकाबाईला, दिवाळीतच सांगून ठेवलं होतं की टोळीत एक जोडी कमी पडते आहे, पोरीचं ऑफिसात जमलं नाही तर तिचं लग्न उरकून टाका, मुलगा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे ही खुर्ची गेली की पहाटे चारला उसाच्या फडात, डोक्यावर मोळी, आणि पुढची वीस वर्षं तेच. अश्विनीनं वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत ते पाचटात बसून पाहिलं होतं. तिला ते नको होतं. त्यासाठी वाटेल ते करायची तिची तयारी होती.

घाबरायला वेळ नव्हता म्हणून ती घाबरली नाही, असं नाही. पण पाथर्डीच्या एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत तिनं दोन वर्षं काढली होती. फॉर्म भरायची शेवटची तारीख, दारात पन्नास पोरं, आणि नेट गेलेलं, हे तिथं दर आठवड्याला व्हायचं. तिथं ती एक गोष्ट शिकली होती. नेट बंद आहे असं म्हणून कपाळाला हात लावायचा नाही. कुठपर्यंत चालू आहे ते विचारत जायचं. आधी स्वतःला, मग शेजाऱ्याला, मग लांबच्याला. काळ्या पडद्यात पिंग लिहून पुढं नंबर टाकला की एक कॉम्प्युटर दुसऱ्याला हाक मारतो. तो जागा असेल तर ओ देतो, आणि ओ किती वेळात आली ते पडद्यावर उमटतं. यात गुप्त काय ते काकासाहेबच जाणोत.

तिनं पुन्हा काळा पडदा उघडला.

"पुन्ना?" काकासाहेब म्हणाले. "अजून काय बिघडवायचं ऱ्हायलंय का?"

काट्यावरच्या कॉम्प्युटरचा जाळ्यातला नंबर होता दहा. दहानं स्वतःला हाक मारली, ओ आली. मुख्य ऑफिसला हाक मारली. तीन वेळा ओ आली, मग सात वेळा नाही, मग दोनदा आली, मग गप्प. वायर तुटलेली असती तर एकदाही आली नसती. ऑफिसचा कॉम्प्युटर बंद असता तरी आली नसती. ओ येत होती, पण मधेच कुणीतरी दुसऱ्यानंच ती घेतल्यासारखी गडप होत होती. तिनं आपल्या कॉम्प्युटरचा पक्का क्रमांक तळहातावर पेननं लिहून घेतला. जाळ्यातला नंबर बदलता येतो, पण हा बारा अक्षरांचा क्रमांक यंत्र बनतं तेव्हाच त्याला मिळतो, गाडीच्या चेसिस नंबरासारखा. मग ती उठली. आता दहा नंबरला बाहेरून हाक मारून बघायला हवं होतं, आणि बाहेरचा कॉम्प्युटर होता यार्डाच्या फाटकाशी, टोकनच्या केबिनमध्ये.

म्हणजे सबंध रांगेच्या कडेनं चालत जायचं होतं.

ती दिसताच टायरांच्या सावलीतली माणसं उठली. कुणी शिट्टी मारली. ऊस वाळतोय, वजन घटतंय, ते काय तुझा बाप भरून देनार हाय का, असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं असल्या बायांना काट्यावर बसवणाऱ्याच्या नावानं शिवी दिली. उसाचं एक टिपरं येऊन तिच्या पाठीत बसलं. ती मागं वळली नाही. वळली असती तर रडली असती, आणि ते या लोकांना दाखवायचं नव्हतं.

सत्ताविसाव्या गाडीपाशी आसाराम बैलाच्या खुरात काहीतरी अडकल्यासारखा वाकला होता. खुरात काही अडकलेलं नव्हतं. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं त्याला हटकलं, "ओ फुंदे, तुमचीच का वो ही? नाव तर तुमचंच घेतलं माईकवर."

आसाराम सरळ झाला. त्यानं लेकीकडं बघितलं, रांगेतल्या माणसांकडं बघितलं.

"न्हाई," तो म्हणाला. "आडनाव सारखं असंल."

लंकाबाई गाडीच्या चाकाशी बसली होती. ती अर्धवट उठली, पदराचं टोक तोंडात धरलं आणि परत खाली बसली. तिनं हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही.

अश्विनी थांबली नाही. पाठीत बसलेल्या टिपऱ्याचं तिला नंतर काही वाटलं नाही. हे मात्र छातीत जे रुतलं ते रुतलंच.

टोकनच्या केबिनमध्ये कानिफनाथ होता, गाड्यांना नंबर देणारा पन्नाशीचा माणूस. तो कुणाच्या अध्यात-मध्यात नसायचा. त्यानं काही न विचारता खुर्ची दिली आणि दार लोटून घेतलं. अश्विनीनं तिथून दहा नंबरला हाक लावली आणि ती चालूच ठेवली, थांब म्हणेपर्यंत थांबू नये अशी. दहा नंबर ओ देत होता. ती ओळीखाली ओळ बघत राहिली. थोडा वेळ ओ चटकन यायची, मग थोडा वेळ तीच ओ आठपट-दहापट वेळ लावून यायची, मग पुन्हा चटकन. एकच माणूस कधी तरण्यासारखा आणि कधी म्हाताऱ्यासारखा बोलत नाही.

मग तिनं दुसरी एक ओळ लिहिली. कोणत्या नंबरावर खरोखर कोणतं यंत्र बसलंय, याची यादी त्या ओळीनं मिळते. दहा नंबरासमोर तिच्या तळहातावरचाच बारा अक्षरांचा क्रमांक आला. तिनं यादी पुसली आणि पुन्हा विचारलं. तोच आला. तिसऱ्यांदा पुसून विचारलं, आणि दहा नंबरासमोर दुसराच क्रमांक उमटला. एकही अक्षर जुळत नव्हतं.

दहा नंबर दोन होते. ऑफिसची ओ कधी याच्याकडं जात होती, कधी त्याच्याकडं.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. परवा हंगामाचं पूजन झालं. ऊस जिथं टाकतात त्या गव्हाणीची पूजा झाली, काट्याचीही झाली. दर वर्षी पहिल्या गाडीचं वजन करायचा मान काट्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरचा असायचा. तो यंदा मोडीत निघाला होता. त्याच्या जागी डब्याएवढं नवीन यंत्र आलं आणि जोडणाऱ्यानं ऑफिसातली मांडणी बदलायला नको म्हणून त्याला जुन्याचाच नंबर दिला. पण मान म्हणजे मान. काकासाहेबांनी अध्यक्षांकडून परवानगी काढली आणि जुनं धूड मागच्या खोलीत चौरंगावर मांडलं. त्याला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, वायर जोडली आणि पहिल्या गाडीचं वजन त्याच्यावरच केलं. नंतर लगेच ते बंद करायचं असं गहिनीनाथ साहेबांनी बजावलं होतं. काकासाहेबांनी खोलीला कुलूप लावून किल्ली करदोट्याला बांधली होती. पाच दिवस पूजा हलवायची नाही, घट जसा नवरात्रात हलवत नाहीत तसा, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

आणि घट बसला की त्याच्यापुढचा दिवा विझू देत नाहीत.

तिनं कानिफनाथला पडद्यावर ओ उमटते ती ओळ दाखवली. ओ आली की आलं म्हणायचं, नाही आली की नाही म्हणायचं, एवढंच काम सांगितलं. मग ती परत निघाली. त्याच रांगेच्या कडेनं, त्याच शिव्यांमधून. या खेपेला तिनं कुणाच्या गाडीकडं बघितलं नाही.

काट्याच्या केबिनमध्ये गहिनीनाथ साहेब घड्याळाकडं बघत उभे होते. दीड वाजला होता. अश्विनी सरळ टेबलाशी गेली, नवीन यंत्र बंद केलं, त्याच्या मागच्या सगळ्या वायरी उपसल्या आणि यंत्र उचलून साहेबांच्या हातात दिलं.

"ए, ए, काय करती?" काकासाहेब उठले. "साहेब, बघा तुमच्यासमोर! उपटलं हिनं!"

"साहेब, कानिफनाथांना फोन लावा," अश्विनी म्हणाली. "स्पीकरवर ठेवा. दहा नंबर काय म्हणतोय ते विचारा."

साहेबांनी एका हातात यंत्र धरून दुसऱ्या हातानं फोन लावला. पलीकडून कानिफनाथचा संथ आवाज आला. "आलं, साहेब. परत आलं. आलं."

"काय आलं?"

"उत्तर. दहा नंबरचं."

साहेबांनी हातातल्या यंत्राकडं बघितलं. त्याला वायर नव्हती, वीज नव्हती. लाल-हिरवा एकही दिवा पेटलेला नव्हता.

"दहा नंबर तुमच्या हातात हाय," अश्विनी म्हणाली. "मग हे बोलतंय कोण?"

खिडकीशी गर्दी झाली होती. कुणीतरी भुताचं नाव काढलं आणि मागचे हसले. काकासाहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, आणि अश्विनीनं तो उतरताना बघितला. त्यांना त्या क्षणी कळलं होतं. सकाळपर्यंत ठाऊक नसेल, तो त्यांचा अडाणीपणा समजा. पण आता कळलं होतं. आता त्यांनी करदोट्याची किल्ली काढून दिली असती तर गोष्ट इथंच संपली असती आणि या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहिता आले असते.

त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि दाराशी आडवे उभे राहिले.

अश्विनीनं मागच्या खोलीचं नाव घेताच ते कडाडले. जुनं मशीन त्यांनी स्वतःच्या हातानं पूजेच्या दिवशीच बंद केलं होतं. खोटं असेल तर त्यांची जीभ झडेल. आणि पाच दिवसांच्या आत ती खोली उघडायची नाही. अध्यक्षांनी स्वतः तिथं नारळ फोडलाय. उघडून यंदा गाळपात काही कमी-जास्त झालं तर त्याची जबाबदारी साहेब घेणार आहेत का, असं त्यांनी खिडकीतल्या गर्दीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं. गर्दीतून दोघा-तिघांनी खरं आहे म्हणून माना डोलावल्या. साहेबांनी ओठ चावला. अध्यक्षांचं नाव निघालं की त्यांचं धैर्य नेहमीच चपला शोधू लागे.

"खोली उघडू नका," अश्विनी म्हणाली. "पूजेला हात लावू नका. त्या खोलीचं बटन व्हरांड्यात हाय. तेवढं पाडा."

सगळे व्हरांड्यात आले. साहेबांनी बोर्डावरचं बटन स्वतः खाली ओढलं. कुलूपबंद दाराच्या फटीतून दिसणारी रोषणाईची माळ विझली.

"आलं," फोनमधून कानिफनाथ म्हणाला. "आलं, साहेब. आलं."

काकासाहेबांनी श्वास सोडला. मग ते हसले, अगदी दात दाखवून. "बघा. लाईट न्हाई तरी येतंय. आता सांगा साहेब, आमच्या मशीनचा काय संबंध? ओळखपत्र घ्या हिचं, दोन वाजायला आले."

अश्विनीचा हिशेब चुकणं शक्य नव्हतं, आणि तरी कानिफनाथ म्हणत होता, आलं, आलं, आलं. साहेबांनी तिच्याकडं बघून हात पुढं केला. तिनं गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला हात घातला.

तेवढ्यात बंद खोलीतून आवाज आला. टीं.

सगळे दाराकडं वळले. पुन्हा आवाज आला. टीं. थांबून, मोजून मारल्यासारखा.

तो आवाज कारखान्यातल्या शिपायालासुद्धा ओळखू येतो. वीज गेली की बॅटरीचा डबा तसा ओरडतो, माझ्यावर कुणीतरी चालू आहे, लवकर बंद करा म्हणून. बंद करून ठेवलेला डबा ओरडत नसतो. काकासाहेब काळजीचे खरे. दिवा विझू नये म्हणून त्यांनी पूजेतल्या मशीनखाली बॅटरीसुद्धा लावून ठेवली होती.

साहेबांचा पुढं केलेला हात खाली आला. एका कानात कानिफनाथ, दुसऱ्या कानात ती टीं-टीं, आणि समोर दाराला पाठ लावून उभा असलेला एकतीस वर्षांच्या नोकरीचा माणूस. बॅटरी जुनी होती. आवाजांमधलं अंतर कमी होत गेलं, शेवटी एक लांब सूर निघाला आणि खोली गप्प झाली.

"न्हाई आलं," फोनमधून कानिफनाथ म्हणाला. आणखी चार ओळी बघून म्हणाला, "साहेब, आता न्हाई येत. एकबी न्हाई."

अश्विनीनं साहेबांच्या हातातून नवीन यंत्र घेतलं. आत जाऊन वायरी लावल्या, चालू केलं, मुख्य ऑफिसला हाक मारली. ओ आली. वीसच्या वीस वेळा, चटकन. पहिली पावती फरफरत बाहेर पडली तेव्हा दोनला चार मिनिटं कमी होती. यार्डात इंजिनं सुरू होऊ लागली.

गहिनीनाथ साहेबांनी खुर्चीवर टेकून कपाळ पुसलं. मग त्यांनी ती तक्रार खिशातून काढली आणि फाडायला घेतली. झालं ते झालं, ते म्हणाले. काकासाहेब मार्चमध्ये निवृत्त होतायत, एवढ्या वर्षांची अब्रू आहे, नेट आपोआप आलं असं म्हणू. तिची नोकरी कुठं जात नाही. मोठ्या मनानं घ्यावं.

अश्विनीनं तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

"फाडू नका साहेब. कागद फाटंल. यार्डात माईकवरनं सांगितलंय ते कसं फाडनार?"

अध्यक्षांचा फोन येतोय असं काहीतरी पुटपुटत साहेब निघून गेले. केबिनमध्ये दोघंच उरले. काकासाहेब भिंतीकडच्या स्टुलावर बसले होते. ते एकदम म्हातारे दिसत होते, आणि अश्विनीला त्यांची दया आली नाही. यावी असं तिला वाटलंही नाही.

"अठरा वर्षं हुतं ते माझ्यापुढं," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "एक चूक केली न्हाई त्यानं."

"त्यानं न्हाईच केली. तुमी केली. आणि कळल्यावर माझ्या गळ्यात घातली."

तिनं माईक जवळ ओढला. तेव्हा काकासाहेबांनी तिच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. "अश्विनी. माईकवर नको."

तिनं आधी घसा खाकरला, त्यांनी खाकरला होता तसाच.

"सर्व वाहनधारकांना कळवण्यात येतं, की काटा चालू झालेला आहे. पूजेतलं जुनं मशीन काकासाहेबांनी तीन दिवस चालूच ठेवलं होतं, त्यामुळं काटा बंद होता. मशीन बंद आहे असं ते साहेबांना खोटं बोलले. ज्याला काही विचारायचंय त्यानं त्यांना विचारावं."

यार्डात एकदम गलका उठला. मघाशी तिच्या नावानं निघालेल्या शिव्या तशाच्या तशा, एक शब्दही न बदलता, काकासाहेबांच्या नावावर गेल्या. लोकांना काय, नाव बदललं तरी शिवी तीच चालते. काकासाहेबांनी पिशवी उचलली आणि मागच्या दारानं निघून गेले. हारातलं मशीन त्या खोलीत बसलं होतं, पण त्यांना तिथं जायचं सुचलं नाही.

गाड्या पुढं सरकत राहिल्या. पहिली, पाचवी, अकरावी. खिडकीपुढं आलेले लोक आता म्याडम म्हणत होते. टिपरं मारणाराही त्यातच कुठंतरी असेल. तिनं चेहरे बघितले नाहीत, आकडे बघितले. चारच्या सुमाराला बैलगाडी काट्यावर चढली आणि तिनं न बघताच ओळखली. डाव्या बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज लहानपणापासून तिच्या कानातला होता.

आसाराम खिडकीशी आला. लंकाबाई गाडीजवळ उभी होती. आसारामची छाती पुढं आली होती, दुपारी वाकलेला माणूस हाच का असं वाटावं इतकी. तो खिडकीशी बोललाच नाही. मागच्या ट्रॅक्टरवाल्याकडं वळून, पाच-पन्नास माणसांना ऐकू जाईल असा तो म्हणाला, "आमचीच पोरगी हाय ती. थोरली."

ट्रॅक्टरवाला दुपारचाच होता. त्यानं खिडकीत डोकं घातलं. "व्हय का म्याडम? तुमचे वडील का हे?"

अश्विनीनं पावती फाडली आणि खिडकीतून बाहेर सरकवली. बापाचा हात ओळखीचा होता, पाचटानं चिरलेला, अंगठ्याला चिंधी बांधलेला. त्याच्यापलीकडं आई तिच्याकडं बघत होती. अश्विनीला दोघांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं, हे खरं. आणि ते दुपारचं अजून छातीत होतं, हेही खरं.

तिनं माईकचं बटन दाबलं.

"न्हाई," ती म्हणाली. "आडनाव सारखं असंल. पुढची गाडी घ्या."

कर्ण्यातून ते पार डांबरी रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.